खरखरीत

पिशवीची गाठ मी सोडली.
हे आधीच सांगून टाकते,
नंतर सांगायला जमणार नाही.

पोळा होऊन चार दिवस झाले होते.
टेम्पो तलावाच्या पाळीवर,
हवा भरून फुगलेल्या चाळीस पिशव्या,
आत काळे धागे वळवळत.
माणूस म्हणाला, मांगूरच आहे बाई, तुमचाच,
फक्त लवकर वाढतो.
गटाच्या आम्ही अकरा जणी
चपला काढून पाण्यात उतरलो.
सायत्रानं तलावाला हळदकुंकू वाहिलं.
रबर निघेना, तर मी दातांनी तोडलं.

तुमचाच, म्हणाला.
मिशा तर तशाच होत्या.

पहिल्या वर्षी बोटरी कमी झाली,
कोणी मोजली नाही.
मग दाडक. मग झिंगे.
सायत्राच्या लेकीला बाळंतपणात शिंगूर हवा होता,
दिवसभर गरी टाकून एक मिळाला,
तोही शेपटीकडून खाल्लेला.
देवधान उभं आहे अजून,
त्याच्या मुळाशी अंडी घालायला कोणी येत नाही.
पाणकोंबडीची पिल्लं सकाळी पाच, संध्याकाळी तीन.
एक तर माझ्यादेखत.
पिल्लू पाण्यावरून जात होतं.
मग नुसतं पाणी होतं.

बाजारात मात्र टोपली भरून जायची.
आठ किलोचा एकेक, खांद्यावर ओल्या पोत्यासारखा.
वर्षभर आम्ही हसत होतो.
हेही लिहायला हवं.

वजनाची वही माझ्याकडे.
आता नुसतं मांगूर लिहिलं की तोच.
जो इथला, त्याच्या नावाआधी
मला 'देशी' लिहावं लागतं,
आपल्याच दारात कोणी आधारकार्ड मागावं तसं.
रकाना आखून ठेवला आहे: देशी मांगूर.
तीन पानं झाली, खाली काही नाही.

उताराला राणीबोडी आहे.
तिथे तो पोचलेला नाही,
असं आम्ही धरून चालतो.
मधे दोन बांध्या, डांबरी रस्ता, शाळेची भिंत.
पण तो चालतो.
ओल्या रात्री, गवतातून, पंखांच्या कोपरांवर.
माझ्या टिकेशनं पाहिला हातपंपापाशी.
"आई, तो खोकलत होता."

म्हणून पाळ्या लावल्या.
दोघी दोघी, एक टॉर्च, एक पोतं,
कपडे धुवायची मोगरी.
पहिला मारला तेव्हा हात थरथरला.
त्यानं तरी कुठे म्हटलं होतं, मला इथे सोडा?
पिशवीतून आला.
माझ्या दातांतून आला.

झिटरूकाकांना आता दिसत नाही,
जाळं तेवढं विणतात.
म्हणतात, "उजेड कायले पाह्यजे?
डोक्यावर बोट फिरव.
खरखरीत लागला तं तो.
गुळगुळीत लागला तं आपला."

परवा सायत्राला ताप होता, मी एकटीच.
टॉर्चचे सेल बसले.
धुऱ्याच्या गवतात सळसळ.
मोगरी उचलली. ठेवली. वाकले.
वीतभर होता. मिशा मनगटाला लागल्या.
डोक्यावर बोट फिरवलं.

गुळगुळीत.

ओंजळीत धरून निघाले बांधीतून,
चिखलात एकदा गुडघ्यांवर पडले,
हात वरच ठेवले.
भिंत ओलांडली, रस्ता ओलांडला,
वहीतल्या त्या रकान्यात काय लिहायचं
तेसुद्धा मनात जुळवलं.
राणीबोडीच्या कडेला बसले, हात पाण्यात घातले,
आणि काकांचं उरलेलं वाक्य आठवलं,
ते बिडी पेटवता पेटवता हळूच म्हणतात,
आम्ही तोवर उठून गेलेल्या असतो:
"पन लहानपनी सगळ्याइचंच डोकं
गुळगुळीत असते, पोरी."

पाणी मनगटापर्यंत.
बोटं मिटलेली.
आत तो, मिशा हलवत.

वीतभर म्हणजे लहान की मोठा?